कबाब सळईवरून का घसरतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी भजी आणि थालीपीठ यांचीच चौकशी अधिक असते. यंदा मात्र घरी कबाब भाजून पाहिलेल्या आणि हिरमुसलेल्या वाचकांची पत्रे इतकी आली की या अंकातील जागा त्यांनाच दिली आहे. मसाल्याचे प्रमाण जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. पत्रे लक्षपूर्वक वाचल्यावर मला मात्र दिसले ते असे, की मसाला कोणाचाच फारसा चुकलेला नाही. बहुतेकांचे कबाब नको तेथे राहून गेलेल्या पाण्याने बिघडले आहेत.

प्रश्न : मटणाच्या खिम्याचे सीख कबाब ओटीजीमध्ये करून पाहिले. खिमा स्वच्छ धुऊन निथळला, त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आले-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला आणि एक अंडे घातले. सळईला लावताना खिमा नीट बसला होता, पण १० मिनिटांत अर्धे कबाब खालच्या ट्रेमध्ये पडले आणि उरलेले कोरडे, रवाळ झाले. काय चुकले? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : चूक झाली ती मसाला घालण्याच्या आधीच, खिमा धुतला तेव्हा. मांसाचा अखंड तुकडा धुतला तर पाणी फक्त बाहेरून लागते आणि ते फडक्याने टिपून घेता येते. खिमा म्हणजे त्याच तुकड्याचे असंख्य बारीक कण. प्रत्येक कणाभोवती पाणी धरून राहते आणि चाळणीत तासभर निथळत ठेवले तरी ते पुरते जात नाही. शिवाय ज्या प्रथिनांच्या चिकटपणावर कबाब सळईला धरून राहायचा, त्यांतील काही त्या पाण्याबरोबर मोरीत वाहून जातात. मांस धुतल्याशिवाय शिजवायचे नाही ही आपल्या घरांतील सवय मोडा असे मी सांगणार नाही. खाटकाकडून मांडीचे किंवा खांद्याचे बिनहाडाचे मांस अखंड घ्यावे, ते धुऊन, कोरडे टिपून मग यंत्रातून दोनदा काढून मागावे. रविवारी सकाळच्या गर्दीत मटणवाला यासाठी कुरकुर करील. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले तर सहसा करून देतो.

दुसरी गोष्ट चरबीची. मुंबईत मटण म्हणून मिळते ते बहुधा बोकडाचे मांस असते आणि ते मेंढीच्या मांसापेक्षा कमी चरबीचे असते. नुसत्या अशा खिम्याचा कबाब भाजला की रवाळ लागणारच. १ किलो मांसाला १५० ते २०० ग्रॅम चरबी, मिळाल्यास गुर्द्याभोवतीची, मांसाबरोबरच यंत्रात घालून घ्यावी. पथ्य म्हणून चरबी टाळायची असेल तर सीख कबाबाऐवजी टिक्का करावा, कारण चरबीशिवायच्या सीख कबाबाला दुसरा कोणताही मसाला तारू शकत नाही.

कांद्याचे पाणी हा तिसरा अपराधी आहे. १ किलो खिम्याला २ मध्यम कांदे पुरतात. ते अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ चोळून १० मिनिटे ठेवावेत आणि मग मलमलीच्या फडक्यात बांधून, दोन्ही हातांनी पीळ घालत, पाण्याचा शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळावेत. निघालेले पाणी वाटीत धरून पाहिलेत तर आपण कबाबात काय घालत होतो ते दिसेल. हेच पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन कबाबाला आतून फोडते. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पसरून सुकवावी. अंडे अजिबात घालू नये. अंड्याच्या पांढऱ्या भागात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. बांधून ठेवण्यासाठी काही हवेच असेल तर १ किलोला २ ते ३ मोठे चमचे डाळ्यांचे पीठ घ्यावे. भाजलेल्या डाळ्यांचे पीठ उरलासुरला ओलावा शोषून घेते आणि त्याला कच्चा वास येत नाही.

आता मळणे. १ किलो खिम्याला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट ३ लहान चमचे, मीठ घालून खिमा कणकेसारखा ५ ते ७ मिनिटे तळहाताच्या टाचेने दाबत मळावा. मिठामुळे मांसातील मायोसिन नावाचे प्रथिन सुटे होऊन चिकट होते, आणि शिजताना त्याचेच जाळे धरते. हे काम थंडच झाले पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यातही हवा ३० अंशांच्या आसपास असते, हाताची ऊब त्याहून अधिक. तेवढ्यात चरबी मऊ पडून खिम्याला तुपासारखी फासली जाते आणि मग कण एकमेकांना धरत नाहीत. म्हणून परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून मळावे आणि त्यानंतर खिमा निदान २ तास फ्रीजमध्ये झाकून ठेवावा. झाले की नाही हे पाहण्याची खूण सोपी आहे : लिंबाएवढा गोळा तळहातावर चेपून हात उलटा करावा. गोळा चिकटून राहिला तर खिमा तयार आहे. पडला तर ओव्हनमध्येही पडेल.

सळईविषयी तुम्ही लिहिलेले नाही, परंतु ती गोल आणि बारीक असावी असा माझा तर्क आहे. अशी सळई फिरवली की ती आतल्या आत फिरते आणि कबाब जागच्या जागी राहतो. बोटाएवढ्या रुंदीची चपटी सळई घ्यावी. क्रॉफर्ड मार्केटाच्या परिसरातील भांड्यांच्या दुकानांत चौकशी केल्यास मिळते. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला किंवा बोहरी मोहल्ल्यात गेलात तर खाण्याआधी कारागिराच्या हाताकडे पाच मिनिटे पाहावे. तो पाण्याच्या वाडग्यात बोटे बुडवतो, खिम्याचा गोळा सळईच्या मध्यावर थापतो आणि अंगठा व तर्जनी यांच्या कडीतून तो खाली सरकवत नेतो. त्यामुळे पडणारे बोटांचे वळ तसेच राहू देतो, आणि दोन्ही टोकांना खिमा निमुळता करून सळईवर दाबून बंद करतो, म्हणजे वाफेला आत शिरायला फट उरत नाही. त्याची शेगडी लांबट आणि अरुंद असते, तिच्यावर जाळी नसते. सळयांची टोके दोन्ही कडांवर टेकलेली असतात आणि खिमा कशालाही स्पर्श न करता निखाऱ्यांवर अधांतरी भाजतो.

ओटीजीमध्येही हेच साधायचे आहे. खोलगट ट्रेच्या दोन कडांवर सळया आडव्या टेकवाव्यात, ट्रे वरच्या खाचेत ठेवावा, वरखाली दोन्ही कॉइल चालू करून ओव्हन २३० अंशांवर १५ मिनिटे आधी तापवावा. पहिली ४ मिनिटे सळईला हात लावू नये. बाहेरचा थर बसला की मगच फिरवावी. एकूण १० ते १२ मिनिटे लागतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरी असेल तर खिम्याच्या कबाबाच्या मध्यभागी ७१ अंश दिसले की काढावा. तुमचे उरलेले कबाब कोरडे झाले त्यात चरबीच्या कमतरतेबरोबर वेळेचाही भाग असणार.

प्रश्न : आमच्याकडे फक्त गॅसची शेगडी आहे. बाहेरच्या कबाबाला असतो तसा कोळशाचा वास घरी आणता येईल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : बराचसा आणता येईल, पण आधी तो वास येतो कोठून हे पाहू. चांगला पेटलेला, राखेचा पांढुरका थर आलेला लाकडी कोळसा स्वतः फारसा धूर करीत नाही. कबाबातून गळणारी चरबी आणि मसाल्याचे थेंब निखाऱ्यावर पडून जळतात, त्यांचा धूर वर येऊन कबाबाला लागतो. आपल्या नाकाला ओळखीचा असतो तो हा वास. गॅसवर तो शेवटी द्यावा लागतो आणि त्यासाठी धुंगाराची जुनी युक्ती पुरेशी आहे.

आधी कबाब नीट भाजला पाहिजे. बिडाचा जाड तवा मोठ्या आचेवर ६ ते ८ मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो गोळी होऊन तव्यावर पळू लागला की तवा तापला. एका वेळी चारपाचच कबाब ठेवावेत. पाणी १०० अंशांना उकळते आणि कबाबाच्या पृष्ठभागावरचे पाणी संपेपर्यंत तेथील तापमान त्याच्या फारसे वर जात नाही, तर खमंगपणा आणि तांबूस रंग येण्यासाठी १४० अंश तरी लागतात. तवा गर्दी करून भरला की सगळ्यांचे पाणी एकदम सुटते, तापमान उतरते आणि कबाब भाजण्याऐवजी उकडतात.

कबाब झाल्यावर कोळशाचा सुपारीपेक्षा मोठा तुकडा चिमट्यात धरून किंवा पापड भाजायच्या जाळीवर ठेवून लाल होईपर्यंत पेटवावा. पातेल्यात कबाब ठेवून मध्ये स्टीलची छोटी वाटी ठेवावी, तीत निखारा टाकावा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि चटकन घट्ट झाकण लावावे. ३ मिनिटे पुरतात. जास्त वेळ ठेवल्यास स्वाद वाढत नाही, काजळीचा कडवटपणा वाढतो. तुपात एखादी लवंग टाकणारे आहेत. मला तो वास कबाबावर मात करणारा वाटतो. एक खबरदारी : धूप जाळण्यासाठी किंवा हुक्क्यासाठी काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या गोल चकत्या मिळतात, त्यांत पेटवण्यास मदत करणारी रसायने मिसळलेली असतात. त्या खाण्याच्या पदार्थासाठी वापरू नयेत.

प्रश्न : चिकन टिक्का रात्रभर दही आणि कच्च्या पपईत मुरवला. सकाळी तुकडे बोटाने दाबले तर पिठासारखे झाले होते. पपई तर सगळेच सांगतात. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : पपई सगळेच सांगतात, पण कशासाठी हे सांगत नाहीत. कच्च्या पपईच्या चिकातील पपेन हे द्रव्य प्रथिने तोडते. बोकडाच्या मांडीसारख्या चिवट मांसाला त्याची गरज असते. बाजारातील ब्रॉयलर कोंबडी मुळातच कोवळी असते आणि तिला ती मुळीच लागत नाही. शिवाय पपेन साधारण ६० ते ७० अंशांना सर्वांत जोमाने काम करते, म्हणजे रात्रभरात जेवढे तोडायचे ते तोडून झाल्यावर भाजतानाही तुकडा तोडत राहते. मटणाच्या १ किलो तुकड्यांना सालासकट वाटलेली कच्ची पपई २ मोठे चमचे, आणि तीही १ ते २ तास, एवढे पुरे. चिकनसाठी पपई विसरावी.

दह्याचेही तेच. मलमलीत ३ ते ४ तास टांगलेला चक्काच घ्यावा; श्रीखंडासाठी करतो तो, साखर घालण्यापूर्वीचा. पातळ दही घातले की तव्यावर पांढरे पाणी सुटते आणि मसाला त्यात पोहू लागतो. तुकड्यांना आधी मीठ, लिंबू आणि तिखट चोळून अर्धा तास ठेवावे, सुटलेले पाणी ओतून टाकावे, आणि मग चक्का, आले-लसूण, कसुरी मेथी आणि चमचाभर मोहरीचे तेल यांचा लेप लावावा. छातीच्या मांसापेक्षा मांडीचे मांस घेतले तर ते भाजताना कोरडे पडत नाही. आतील तापमान ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे. कोंबडीच्या बाबतीत येथे सवलत नाही.

प्रश्न : रावसाचे टिक्के जाळीला चिकटून तुटतात. (एक वाचक, दादर)

उत्तर : जाळी पुरेशी तापलेली नसते किंवा मासा ओला असतो, क्वचित दोन्ही. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत बाजारात येणारा रावस पुष्कळदा बर्फात गोठवलेला असतो. असा मासा रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवून सावकाश वितळवावा आणि मग दोन्ही बाजूंनी टिपावा. घाईने पाण्याखाली धरून वितळवलेला मासा टिक्क्याच्या कामाचा राहत नाही, त्याची आमटी करावी. कोकमाचे आगळ किंवा लिंबू लावून १५ ते २० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण आंबट लागले की मासा कच्चेपणीच पांढरा पडून सुटू लागतो. तेल जाळीला आणि माशाला दोन्हींकडे लावावे. तुकडा उलटायला गेल्यावर विरोध करत असेल तर अजून मिनिटभर थांबावे; भाजला की तो आपणहून सुटतो.

प्रश्न : श्रावणात पनीरखेरीज काय भाजता येईल? (एक वाचक, ठाकूरद्वार)

उत्तर : सुरण. पनीर टिक्क्याने गेल्या काही वर्षांत सुरणाला उगाच मागे टाकले आहे. कापताना हाताला तेल लावावे, मोठ्या फोडी करून मीठ आणि चारपाच आमसुले घातलेल्या पाण्यात उकडाव्यात. सुरणातील ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे घशाला खाज येते, आणि आंबट घालून पुरते उकडल्यावर ती जाते. कुकरमध्ये मऊ शिजवू नये, सुरी आत जाईल पण फोड मोडणार नाही इथे थांबावे. पाणी काढून फोडी पंख्याखाली अर्धा तास कोरड्या कराव्यात. मग चक्का, आले, हिरवी मिरची, धने-जिरे पूड आणि डाळ्यांचे पीठ यांचा लेप लावून बिडाच्या तव्यावर किंवा ओटीजीमध्ये भाजाव्यात. त्याच उकडलेल्या सुरणाचा किस करून पिळून घेतला आणि मसाला घालून मळला, तर चपटे कबाबही उत्तम होतात. ज्यांच्याकडे श्रावणात लसूण चालत नाही त्यांनी आले दुप्पट करावे.

बांबूच्या काड्यांविषयी तीन पत्रे आहेत. त्या अर्धा तास पाण्यात भिजवून घ्याव्यात, नाहीतर उघडी टोके जळतात. खिम्यासाठी मात्र त्या फार बारीक पडतात.

प्रश्न : चौदाव्या मजल्यावरील फ्लॅटच्या बाल्कनीत छोटी कोळशाची शेगडी पेटवावी काय? बाल्कनीला सरकत्या काचा आहेत. पावसात कोळसाही नीट पेटत नाही. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : पेटवू नये. काचा लावलेली बाल्कनी ही खोलीच आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके जड होऊन झोप येऊ लागली तरी माणसाला कारण कळत नाही. धूर थांबला म्हणजे धोका टळला अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. अर्धवट विझलेला, शांत दिसणारा निखारा तर हा वायू भरपूर सोडतो. म्हणून कबाब भाजून झाल्यावर शेगडी 'थंड होऊ दे' म्हणून घरात आणून ठेवण्याचा प्रकारही तितकाच वाईट. धुंगारातील एका तुकड्याची गोष्ट वेगळी, तरीही तेव्हा खिडकी उघडी असावी.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या व भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो आदेश व्यवसायांसाठी आहे, आपल्या घरगुती शेगडीसाठी नाही. परंतु वरच्या मजल्यावरील दमेकरी आजोबांच्या खिडकीत आपला धूर जातो, हे कळण्यासाठी न्यायालयाची गरज नसावी. इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, पाण्याची टाकी, केबल आणि वाळत घातलेले कपडे यांपासून दूर शेगडी मांडता येईल.

कोळसा पावसाळ्यात हवेतील ओलावा धरतो आणि पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो. गोणी उघडल्यावर तो झाकणाच्या डब्यात भरावा आणि वापरण्याच्या आदल्या दुपारी, ऊन असेल तर उन्हात, नाहीतर पत्र्यावर पसरून कोरड्या जागी ठेवावा. पेटवण्यासाठी रॉकेल ओतू नये, त्याचा वास कबाबात शेवटपर्यंत राहतो. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर करवंट्यांचे तुकडे, वर कोळशाची रास, आणि हातपंखा. २५ ते ३० मिनिटांत राखेचा थर धरतो. निखाऱ्यांवर वीतभर उंच तळहात धरावा : दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर सळया मांडायला हरकत नाही. निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवले, तर चरबी गळून जाळ उठताच सळई विरळ बाजूला सरकवता येते. जाळावर पाणी मारू नये, राख उडून सगळी कबाबांवर बसते. काळा पडलेला भाग खरवडून टाकूनच खावे, तो कडू तर असतोच आणि आरोग्यालाही चांगला नाही.

राहिली राख. दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर रात्री साडेदहाला सगळे आटोपल्यावर मी राख हाताने चाचपून, गार आहे अशी खात्री करून, प्लास्टिकच्या केराच्या बादलीत ओतली. सकाळी बादलीच्या तळाला बशीएवढे भोक होते आणि खालची फरशी तपकिरी पडली होती. राखेच्या पोटातला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. ती पत्र्याच्या डब्यात भरावी, वरून पाणी घालून काठीने ढवळावी, पुन्हा पाणी घालावे, आणि डबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गच्चीवरच राहू द्यावा.